चटईखालचा संपादक

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज आपियाच्या मासळीबाजारात फोनोती दिसला. धडधाकट आहे. गेदर मासा बोटाने दाबून दाबून बघत होता, ताजा आहे का म्हणून. बातमी छापताना कधी अशी दाबून बघितली नाही मेल्याने. तोंडावर म्हणणार होते, तोवर मासा घेऊन गेला. माझ्याकडे लक्ष नाही. पेपरवाला ना, समोरचं दिसत नाही.

सिनाचं कॉलेज सुरू झालं. पत्रकारितेचं शेवटचं वर्ष. नातीला मी तिकडे कशाला घातलं ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक आहे. बोलत नाही आम्ही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शेजारची पिसाइना टोपली विणायला येऊन बसली, म्हणजे चौकशा करायला. "सलाफाई, पोरीला नर्स करायचं होतंस. नर्सला ऑकलंडला लगेच बोलावतात. बातम्या शिकून काय करणार ती? बातम्या तर मी फुकट सांगते."

म्हटलं, "म्हणूनच कोणी विश्वास ठेवत नाही."

गेली फणकारून. उद्या येईलच.

लिहून ठेवते. म्हातारपणात विसरले तरी राग शाबूत राहायला हवा.

माझा मुलगा फेतू, सिनाचा बाप, बस चालवायचा. डोंगराच्या उतारावर ब्रेक गेले. त्याने बस नीरफणसाच्या झाडावर घातली. सगळे खरचटून, रडून, चालत घरी गेले. तो नाही गेला. दुसऱ्या दिवशी फोनोतीच्या पेपरात, पहिल्या पानावर, नारळाएवढ्या अक्षरांत — 'ड्रायव्हर दारूच्या नशेत'. वर पोलिसांकडचा फोटो, चोरासारखा. डॉक्टर नंतर म्हणाले, पोटात थेंब नव्हता. मग पेपराने खुलासा छापला. आतल्या पानावर, 'जुना फ्रीझर विकणे आहे' त्याच्या खाली. फ्रीझर खपला असेल. खुलासा कोणी वाचला नाही.

सिना तेव्हा शाळेत होती. पोरं तिच्यासमोर झोकांड्या खात चालायची. तिची आई ऑकलंडला कामाला निघून गेली ती तिकडचीच झाली. गावात आजही कोणाला जास्त चढली की म्हणतात, याला फेतूची बस लागली.

या बेटावर चोराने चोरी केली तरी तो उजाडायच्या आत येऊन दारासमोर गवतावर बसतो. डोक्यावरून मानाची चटई ओढतो, पुढ्यात चुलाण्याची लाकडं आणि दगड मांडतो — वाटलं तर भाजून खा आम्हाला. चटई उचलली की माफी. लोकांनी खून केले तरी त्यांची माणसं येऊन बसली. फोनोती आला नाही. "खुलासा छापलाय, कायद्यात तेवढंच आहे," म्हणाला म्हणे.

बरं. कायदा तर कायदा. त्याच्याच हत्याराने त्याला सोलायचा.

रविवार, १६ मार्च

चर्चनंतर जेवायला सिना घरी. तारोचा कंद, मासा, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं. पोरगी वाळलीय. हॉस्टेलात पावावर जगतात.

विचारलं, बरोबरच्या पोरी पुढे काय करणार?

"एक टीव्हीवर हवामान सांगणार. एक मंत्र्याच्या ऑफिसात जाणार, मंत्री काय म्हणाले ते सांगायला."

"मंत्र्याला स्वतःचं तोंड नाही?"

"आहे, म्हणूनच माणूस ठेवावा लागतो. एक जण बँकेत चाललाय, बँक किती चांगली ते लिहायला. एक चर्चच्या मासिकात."

"म्हणजे बातमी कोणीच देणार नाही."

हसली. म्हणाली, "देतात गं आजी. पण बातमीत पगार कमी आणि शिव्या जास्त."

"शिव्यांची तुला सवय आहे. माझ्या हाताखाली वाढलीस."

तिच्या मास्तरीणबाई फिजीच्या आहेत, कोरोई बाई. पेपरात आयुष्य घालवून आता शिकवतात. त्यांनी फळ्यावर लिहिलंय म्हणे — एकाने सांगितलं ती अफवा, दुसऱ्याला विचारलं की बातमी. मला बाई आवडल्या. फोनोतीच्या कपाळावर गोंदवायला हवं हे.

बुधवार, ९ एप्रिल

सिनाला फोनोतीच्या पेपरात उमेदवारी करायची संधी होती. मी म्हटलं, घूस. आतून पोखर. ती रेडिओवर गेली. "ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध मला लिहिता येणार नाही," म्हणाली.

तत्त्वं! माझ्या घरात कुठून आली कोण जाणे. आईकडून असतील.

मंगळवार, ६ मे

पाऊस. कंबर. फोनोती जिवंत.

गुरुवार, १७ जुलै

सिनाने शेवटच्या परीक्षेसाठी विषय निवडला. प्रत्येकाने एक मोठी बातमी शोधून, बांधून, रेडिओवर वाचायची. तिने बापाची बस निवडली.

कोरोई बाई आधी नको म्हणाल्या. "स्वतःच्या घरची बातमी करणारा डोळे मिटून करतो." मग पोरीचं तोंड बघून म्हणाल्या, "कर. पण पहिल्याच वाक्यात सांगायचं, मी त्याची मुलगी आहे. आणि दुसरा कोणी करेल त्याच्या दुप्पट तपासायचं."

मी आज चर्चमध्ये मोठ्याने गायले. पाद्रीणबाईंनी वळून बघितलं.

रविवार, १० ऑगस्ट

आज बापांचा दिवस. चर्चमध्ये पोरांनी बापांच्या गळ्यात हार घातले. सिनाने हार विणलाच नव्हता. घरी येऊन मशीन काढलं, आवाज पकडतात ते, आणि मला ऐकवलं.

बसमालकाचा मेकॅनिक. म्हातारा, खोकतो फार. म्हणतो — फेतूने ब्रेकचं सांगितलं होतं. मालक म्हणाला पुढच्या आठवड्यात बघू.

मग एक बाई. ती बातमी जिने लिहिली तीच. आता कुठल्याशा खात्यात बसते, थंड खोलीत, साहेबांच्या वतीने बोलते. ती सांगते — मी लिहिलं होतं, पोलीस कारण शोधत आहेत. बसमालकाचा फोन फोनोतीसाहेबांना आला. अंक छापायला निघाला होता. साहेबांनी मथळा स्वतः बदलला. आणखी कोणाला विचारलं नाही.

थांबव म्हटलं. परत लाव म्हटलं. 'मथळा स्वतः बदलला' एवढंच परत परत ऐकलं. मशीनची बॅटरी गेली.

सिना म्हणाली, "आजी, तू रडतेयस का?"

"केवड्याच्या पानाने बोट कापलंय."

कापलंही होतं. पान हातात नव्हतं.

सोमवार, ८ सप्टेंबर

पिसाइना: "फोनोतीला मधुमेह झालाय म्हणे. पाय सुजतात."

पाय नकोत मला त्याचे. नाक हवंय.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज पोरांचा रविवार. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत. आज पोरं आधी जेवतात, मोठ्यांनी वाढायचं. सिना आता पोर नाही तरी तिला आधी वाढलं. तारीख ठरली. चोवीस तारखेला, सकाळी सातच्या बातम्यांत. सातला सगळं बेट रेडिओ ऐकतं. भिंती नाहीत आमच्या घरांना, ज्याच्याकडे रेडिओ नाही तोही ऐकतो.

मी तिला दोनदा वाढलं. म्हटलं, आवाज खणखणीत राहू दे.

सोमवार, २० ऑक्टोबर

डोकं फिरलंय माझं.

सिना आज फोनोतीच्या ऑफिसात गेली. स्वतःच्या पायांनी! सगळं त्याला सांगून आली. मेकॅनिक काय म्हणाला, ती बाई काय म्हणाली, आणि शुक्रवारी सातला येणार ते. मशीन समोर ठेवून विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

फोनवर म्हटलं, "डुकराला सांगून सुरी लावतात का गं?"

"आजी, नियम आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याला आधी विचारायचं. त्यांनी बाबांसाठी कोणाला विचारलं नाही. मी विचारणार. नाहीतर आमच्यात फरक काय?"

"फरक असा की तू माझी नात आहेस आणि तो हरामखोर आहे."

मग मीच विचारलं, काय म्हणाला?

"मशीन बंद कर म्हणाले. मग विचारलं, तुझी आजी अजून आहे का?"

बघा. मेली असेन अशी आशा होती त्याला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दीर आले, तोमासी. आमच्या घराण्याचे प्रमुख. कधी पायरी चढत नाहीत, आज कोको मागून प्यायले.

"वहिनी, फोनोतीच्या घरी मानाची चटई उन्हात घातलीय."

खरं सांगते. इतकी वर्षं मी डोळे मिटले की तेच बघते. तो गवतावर, वाकलेला, पाठीवर दंव, अंगावर चटई. गावची कुत्री वास घेतायत. आणि मी वर, खांबाला टेकून.

कोको परत ओतला. म्हटलं, "येऊ दे की."

"येईल. आणि तुम्ही चटई उचलायची. फेतूची आई तुम्ही, तुमचाच मान. मग विषय मिटला."

"मिटला म्हणजे?"

"मिटला म्हणजे मिटला. चटई उचलल्यावर त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. गावात नाही, चर्चमध्ये नाही." पेला खाली ठेवला. "रेडिओवरही नाही."

तेव्हा कळलं. शुक्रवारी सात वाजता बातमी. त्याआधी हा येऊन बसणार. मी चटई उचलली की सिनाचं तोंड बंद. नाही उचलली तर सगळं गाव माझ्यावर उलटेल, आजवर या गावात कोणी चटई परत पाठवलेली नाही. आणि फेतूचं नाव? ते पडून राहील तिथेच, फ्रीझरखाली.

वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तीच गोष्ट तो माझ्या डोक्यात घालायला घेऊन येतोय. हुशार आहे. मथळा बदलण्यात हात बसलाय त्याचा.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सिनाचा फोन. आवाज लहान झालेला. "तोमासीआजोबांनी फोन केला होता. म्हणाले, चटई उचलली गेली तर मी वाचायचं नाही. आजी, मी आज्ञा मोडू शकत नाही. त्यांनी कोरोई बाईंनाही सांगितलंय. बाई म्हणाल्या, तुमचा रिवाज तुम्ही ठरवा, मी परकी."

"आणि उचलली नाही तर?"

"तर विषय उघडाच आहे."

"झोप तू. घसा सांभाळ. थंड पिऊ नकोस."

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, सकाळ

कोंबडे आरवले तेव्हाच कुत्री भुंकली. मी उशीवरून डोकं उचललं नाही. बांबूचे पडदे सोडलेले होते. फटीतून बघितलं.

आले होते. फोनोती आणि त्याचा थोरला भाऊ, दोघं गवतावर मांडी घालून, एकाच चटईखाली. पुढ्यात दगड, लाकडं. लाकडं ओली होती. याला काही नीट जमत नाही. चटई मात्र उत्तम. बारीक वीण, जुनी, हातांनी मऊ झालेली. आईची असणार त्याच्या. तिच्यासाठी वाईट वाटलं.

मी कूस बदलली.

उजाडलं तसं गाव जमलं. बायका झाडाखाली, पोरं दगडी कुंपणावर. सगळे गप्प, चटईसमोर बोलत नाहीत. तोमासी मागच्या बाजूने आत आले, पांढरा सदरा घालून.

"वहिनी, उठा."

"उठलेय."

"पडदे वर करा."

"तोंड नाही धुतलं."

तोंड धुतलं. केस विंचरले. आंबाडा घातला, सोडला, परत घातला. चूल पेटवली. कोको कुटायला घेतला. दाणे भाजलेले होते, तरी परत भाजले.

तोमासी दात-ओठ खात: "वहिनी, माणूस म्हातारा आहे. पाय सुजलेत त्याचे. गाव बघतंय."

"बघू दे. गाव असतं कशाला?"

फोन वाजला. सिना. मागे माणसांची धावपळ ऐकू येत होती. "आजी, पाच मिनिटं राहिलीत. तोमासीआजोबा फोन उचलत नाहीयेत. उचललीस का चटई?"

"कसली चटई? मी अजून बाहेर बघितलेलं नाही."

तोमासींनी कपाळावर हात मारला. मी फोन ठेवला.

मग पिसाइनाने — आयुष्यात पहिल्यांदा एक शहाणं काम केलं तिने — आपल्या घरात रेडिओ लावला आणि कान फुटतील एवढा मोठा केला. आधी भजन. मग घंटा. मग माझी पोर.

"मी सिनालेई. ही बातमी ज्या बसड्रायव्हरची आहे तो माझा बाप. हे आधी सांगते, म्हणजे तुम्ही दुप्पट लक्ष देऊन ऐकाल."

खणखणीत. एकदाही अडखळली नाही. मेकॅनिक खोकला. ती बाई बोलली. 'मथळा स्वतः बदलला' हे सगळ्या गावाने, गवतावर बसून, एका दमात ऐकलं. 'पोटात दारूचा थेंब नव्हता' हे डॉक्टरांच्या तोंडून. शेवटी — "संपादकांना विचारलं. त्यांनी या मशीनवर उत्तर दिलं नाही."

चटई हलली. थोडीशी. आतून कोणीतरी नाक ओढलं.

झाडाखालची एक म्हातारी, तिचा नातू त्या बसमध्ये होता, तिने हातांनी तोंड झाकलं.

तोमासी हळू म्हणाले, "झालं? आता?"

"हवामान ऐकू."

हवामान ऐकलं. दुपारनंतर वारा.

मग पडदे वर केले, उतरले, गेले आणि चटई उचलली. वाकलेला फोनोती. केस पांढरे, मान घामाने भिजलेली. वर बघितलं तेव्हा डोळे लाल. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. बरं वाटलं. थोडं कमी, पण वाटलं.

त्याने तोंड उघडलं. मी म्हटलं, "बोलायचं नाही. उचलली म्हणजे मिटलं. रिवाज आहे."

त्याचा भाऊ म्हणाला, "बाई, निदान एवढं ऐका, आजच्या अंकात —"

"अंकबिंक काही नको. मिटलं म्हटलं ना?"

आत बोलावलं, वाढलं. कालचा तारो. गरम केला नाही. फोनोतीने सगळा संपवला, खाली मान घालून. जाताना उठता येईना, दोघांनी धरून मोटारीत बसवला. चटई माझी झाली. घडी करून ठेवली.

जिंकले मी. लिहून ठेवते, जिंकले.

शुक्रवार, दुपार

बाराच्या बसने पेपर आला. पिसाइना धावत घेऊन आली. काही बोलली नाही, म्हणून घाबरले.

पहिलं पान. तीच जागा. तीच नारळाएवढी अक्षरं. 'आम्ही खोटं छापलं'. खाली छोट्या अक्षरांत फोनोतीचं नाव. मथळा मी बदलला, कोणाला विचारलं नाही, असं त्याने स्वतःच लिहिलंय. शेवटची ओळ — हा अंक छापून मी त्याच्या आईच्या दारात बसायला जात आहे.

शब्द लावून लावून वाचलं. परत वाचलं.

फोटो फेतूचाच. गावच्या क्रिकेटचा, खांद्यावर बॅट, दात काढून हसतोय. म्हणजे हा फोटो तेव्हाही त्यांच्याकडे होता.

तिकडे गवतावर त्याची लाकडं पडलीत. उन्हाने वाळायला लागलीत. आणि तो बसला होता तिथे, खाली दंव, वर चटई, एवढी मोठी गोष्ट तोंडात धरून, आणि मी कोको कुटत होते.

आता कोणावर रागवायचं मी? मुद्दाम केलं असणार त्याने.